आयव्हीएफची जुळी, लेकीची उंची लाल रेषेखाली

ओवी_मानेवाडा | ३ जून, रात्री ११:१०

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

नऊ वर्षं वाट पाहिल्यावर मागच्या वर्षी मला जुळी झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. आयव्हीएफ, म्हणजे बीज आणि शुक्राणू काचेच्या बशीत जुळवून तयार झालेला गर्भ पोटात ठेवतात ते. दुसऱ्या खेपेला जमलं. बीपी वाढल्यामुळे ३४ आठवडे पूर्ण होताच सिझर करावं लागलं. मुलगा १.९ किलोचा, लेकीचं वजन १.६. ती अठरा दिवस काचेच्या पेटीत होती. आता दोघं चौदा महिन्यांची आहेत.

काल खोकल्यासाठी दवाखान्यात नेलं. नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते. तिथल्या नव्या मुलीनं वजन-उंची घेतली आणि फाइलमधल्या तक्त्यावर ठिपके पाडले. लेकीचं वजन ७.६ किलो, उंची ७०.५ सेंमी. उंचीचा ठिपका लाल रेषेच्या खाली गेला. बाजूला 'उंची कमी' असं लिहून दिलं. लेक अजून चालतही नाही, भिंत धरून उभी राहते. भाऊ मात्र घरभर पळतो.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "नळीतली लेकरं व ते, असेच राह्यतीन." त्या वाईट नाहीत. पेटीतल्या दिवसांत रोज दोन बस बदलून माझ्यासाठी डबा आणायच्या. पण ते वाक्य कालपासून छातीत अडकून बसलंय.

आयव्हीएफच्या मुलांची वाढ खरंच कमी होते का? पुढे मोठेपणी काही निघतं का? आणखी एक. आमच्या बालरोगतज्ज्ञांना ही आयव्हीएफची आहेत हे माहीत नाही. ह्यांनी सांगू दिलं नाही. सांगायला हवं का?


धरमपेठचा_बाबा | ३ जून, रात्री ११:३२

आमचा मुलगा इक्सीचा, म्हणजे एकच शुक्राणू सुईनं बीजात सोडतात त्या आयव्हीएफच्या प्रकारातला. अकरा वर्षांचा आहे, वर्गात शेवटच्या बाकावर बसवतात कारण मागच्यांना फळा दिसत नाही. घाबरू नका ताई.


शेवंता_आजी | ४ जून, सकाळी ६:०५

ओवी माय, रडू नको. माही नात तशीच झाली. आमच्या आर्वीत कोणाले काही सांगतलं नाई तवा. बारसं बी उशिरा केलं. आता चौथीत हाय, मोबाइलवर हे टाइप करून देऊन राह्यली मले. तुह्या सासूले भीती वाटून राह्यली असंन, म्हणून बोलते. म्हातारे माणसं भीती वाटली का असंच बोलतात. तिले जवळ बसव अन् सांग.


रस्सा_पाटोडी | ४ जून, सकाळी ९:२०

आजी, नातीला माझ्याकडून एक संत्र्याची बर्फी. टायपिंग एकदम शुद्ध आहे तिचं.


मिलिंद_प्रतापनगर | ४ जून, दुपारी १:१५

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझ्या बहिणीनं चार वर्षं यात घालवली. शेत विकलं. चार वेळा केलं, एकदाही पोर हाती आलं नाही. त्यामुळे माझा या सगळ्यावर विश्वास उडाला आहे. जे निसर्गानं अडवलं ते जबरदस्तीनं केल्यावर लेकरात काहीतरी उणं राहणारच, असं मला मनापासून वाटतं. ऑटिझम का वाढतोय मग आजकाल? जन्मतः दोष का निघतात? दवाखान्यात गेल्यावर यातलं कोणी सांगत नाही, तिथं फक्त पॅकेज सांगतात.


आकडेमोड | ४ जून, दुपारी ३:४०

मिलिंदभाऊ, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. खर्चाबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पण लेकरांत उणं राहतं की नाही हा मोजून सांगता येण्यासारखा प्रश्न आहे, आणि तो अनेकदा मोजला गेला आहे.

ऑटिझमचं घ्या. स्वीडनमध्ये पंचवीस लाखांहून जास्त जन्मांची नोंद तपासून २०१३ साली अभ्यास आला. आयव्हीएफच्या मुलांत ऑटिझम एकूणात वाढलेला दिसला नाही. बौद्धिक अक्षमतेत किंचित वाढ दिसली, पण फक्त एकेकटी जन्मलेली मुलं पाहिली तर तोही फरक उरला नाही. इक्सीच्या काही प्रकारांत, विशेषतः शुक्राणू शस्त्रक्रियेनं काढावे लागले होते तिथं, धोका जास्त दिसला. तोसुद्धा फार थोड्या मुलांत.

जन्मजात दोषांबद्दल तुम्ही पूर्ण चूक नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या २०१२च्या अभ्यासात सर्वसाधारण गर्भधारणेत ५.८ टक्के आणि उपचारांनंतरच्या गर्भधारणेत ८.३ टक्के बाळांत काही ना काही दोष नोंदला गेला. आईचं वय, आजार वगैरे धरून हिशेब केल्यावर साध्या आयव्हीएफमधला फरक जवळजवळ पुसला गेला. इक्सीमधला राहिला. थोडक्यात, शंभरातली नव्वदच्या वर बाळं दोन्हीकडे धडधाकट जन्मली.

मला सगळ्यात पटलेला अभ्यास नॉर्वेचा, २००८चा. त्यांनी एकाच आईची दोन मुलं घेतली, एक उपचारानं झालेलं, दुसरं आपोआप राहिलेलं. बाहेरून पाहता आयव्हीएफची बाळं हलकी आणि लवकर जन्मलेली दिसतात. पण सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा तो फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे बराचसा भार काचेच्या बशीतल्या त्या चार-पाच दिवसांचा नाही. ज्या कारणानं मूल राहत नव्हतं त्या कारणाचा आहे. वय, थायरॉइड, बीपी, साखर. आणि जुळ्या-तिळ्यांचा.


मिलिंद_प्रतापनगर | ४ जून, दुपारी ४:०२

भावंडांची तुलना हे मला माहीत नव्हतं. वाचून विचार करतो. खर्चाबद्दल मात्र माझं म्हणणं कायम आहे.


सुमन_सिस्टर | ४ जून, रात्री ८:५०

ओवीताई, मी बावीस वर्षं नवजात शिशूंच्या अतिदक्षता विभागात काढली, आता निवृत्त आहे. सकाळपासून सगळ्यांची उत्तरं वाचते आहे आणि एक साधी गोष्ट कोणीच विचारली नाही. तो ठिपका कोणत्या वयावर पाडला?

चौदा महिन्यांवर असेल तर तो चुकीच्या जागी पडला आहे. तुमचं लेकरू ३४ आठवड्यांचं. पूर्ण दिवस म्हणजे ४० आठवडे. सहा आठवडे ते पोटात असायला हवं होतं, बाहेर होतं. ते सहा आठवडे दोन वर्षांचं होईपर्यंत वयातून वजा करायचे असतात. आम्ही याला सुधारित वय म्हणतो. चौदातून दीड गेले, तुमची लेक साडेबारा महिन्यांची.

आता जागतिक आरोग्य संघटनेचा मुलींचा तक्ता उघडा. चौदा महिन्यांना लाल रेषा ७१ सेंमीवर आहे, म्हणून तुमचा ७०.५चा ठिपका खाली गेला. बारा महिन्यांना तीच रेषा ६८.९वर आहे आणि तेरा महिन्यांना ७०.० वर. साडेबारावर तुमची लेक रेषेच्या वर बसते. बुटकी बाजू आहे, पण रेषेच्या आत.

दुसरं, उंची मोजली कशी? दोन वर्षांखालच्या लेकराला लाकडी पाटीवर झोपवून मोजतात, एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं गुडघे हलकेच सरळ करायचे. उभं करून मोजलं तर साधारण पाऊण सेंटिमीटर कमी भरतं. लाथा मारणाऱ्या लेकराची मापं तर एक-दोन सेंटिमीटरनं इकडची तिकडे होतात.

चालण्याचं म्हणाल तर स्वतःचं स्वतः चालणं ८ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकतं, हाही त्याच संघटनेचा आकडा. भावाशी तुलना करू नका. जुळी असली तरी ती दोन माणसं आहेत.

लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या. तिथं वजाबाकी नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण बरेच आईबाप लसीही पुढं ढकलतात.

शेवटचं. १.६ किलोच्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत तपासायला हवे होते, पडद्यासाठी. आपल्याकडं ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा २ किलोखालचं प्रत्येक बाळ त्या तपासणीला जायला हवं. आणि कानांची तपासणी, बेरा. झाली होती का?


ओवी_मानेवाडा | ४ जून, रात्री १०:१५

सिस्टर, मी आत्ता स्वयंपाकघरात बसून कॅलेंडरवर आठवडे मोजले. तीनदा मोजले. साडेबारा.

उंची टेपनं मोजली होती, पलंगावर आडवं करून. ती रडत होती आणि मी तिचे पाय धरले होते, तेही नीट नाही.

डोळे पंचविसाव्या दिवशी तपासले होते, सगळं नीट होतं. कानांचं कोणी सांगितलं नव्हतं. फाइल उलटून पाहिली, कुठेच नोंद नाही. उद्याच विचारते.


डॉ_वर्धारोड | ५ जून, सकाळी ७:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथं बसून कोणाच्या मुलाचं निदान करत नाही, पण सुमन सिस्टरनी लिहिलं ते शब्दन् शब्द बरोबर आहे. आम्ही डॉक्टरसुद्धा गर्दीत हे विसरतो. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं '३४ आठवडे' असं मोठं लिहून ठेवा.

एकच ठिपका काही सांगत नाही. मला तीन-चार ठिपके हवे असतात, त्यांची रेघ कुठं चालली आहे ते पाहायला. लेक खालच्या रेषेला समांतर वर चढत असेल तर मी निवांत असतो. वरच्या रेषेवरून घसरत खालच्या रेषेवर आली असेल तर मात्र मी शोधायला लागतो, मग मूल आयव्हीएफचं असो की नसो.

वाढीबद्दल तुम्ही थेट विचारलंत. २०२२ साली २६ वेगवेगळ्या गटांतल्या दीड लाखाहून जास्त मुलांची एकत्र पाहणी प्रसिद्ध झाली. उपचारानं झालेली मुलं बाळपणी सरासरीनं थोडी हलकी आणि बुटकी असतात. फरक लहान असतो आणि वयात येता येता तो मिटत जातो. पुढच्या वर्षी त्याच धर्तीवर रक्तदाब, हृदयाची गती आणि साखर यांची पाहणी आली. त्यातही ठळक फरक सापडला नाही. गोठवलेला एम्ब्रियो, म्हणजे बशीत तयार झालेला गर्भ, ठेवला असेल तर उलट बाळ थोडं जास्त वजनाचं जन्मतं, आणि आईला बीपीचा त्रास जास्त संभवतो. ताज्या एम्ब्रियोत बाळ थोडं हलकं. तुमचा कोणता होता?

बेकविथ-विडेमानसारखे काही जनुकीय आजार या मुलांत थोडे जास्त दिसतात हेही खरं आहे. जीभ मोठी, शरीराची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी, जन्मतःच वजन खूप जास्त अशी ती चिन्हं असतात. ते इतके दुर्मिळ आहेत की एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एकच पाहिला, आणि ते मूल आपोआप राहिलेलं होतं.

आता सांगायचं की नाही. सांगा. माझ्याकडं येणाऱ्या आईनं सांगितलं म्हणून मी तिच्या मुलाला जास्त सुया टोचत नाही. पण आईचं बीपी, थायरॉइड, किती आठवडे, ताजा की गोठवलेला, इक्सी का करावी लागली, हे सगळं त्या एका शब्दामागं येतं. मी ते विचारतच नाही कारण मला माहीतच नसतं.


धरमपेठचा_बाबा | ५ जून, सकाळी ९:४५

डॉक्टर, 'इक्सी का करावी लागली' हे मुलाच्या फाइलला कशाला लागतं? आमच्याकडं माझ्यामुळं करावी लागली होती. आम्ही ते कोणालाच सांगितलेलं नाही, इथं पहिल्यांदा लिहितोय.


डॉ_वर्धारोड | ५ जून, दुपारी २:१०

लिहिलंत, बरं केलंत. शुक्राणूंची संख्या फार कमी असण्यामागं काही वेळा वाय गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला असतो. तसं असेल तर तो तुकडा मुलाकडंही गळालेलाच जातो, कारण वाय वडलांकडूनच येतं. तुमची ती तपासणी त्या वेळी झाली होती का ते जुन्या कागदांत पाहा.

इक्सी १९९२ साली ब्रुसेल्समध्ये सुरू झाली. तिथलीच पहिली मुलं मोठी झाल्यावर, १८ ते २२ वर्षांच्या तरुणांची २०१६ साली तपासणी झाली. त्यांच्यात शुक्राणूंची संख्या समवयस्कांपेक्षा कमी आढळली. तब्येतीनं ते ठणठणीत होते. तुमच्या मुलाला आज काहीही तपासायची गरज नाही. वृषण दोन्ही खाली उतरलेत की नाही एवढं बालरोगतज्ज्ञानं लहानपणी पाहिलेलं असतंच. पण तो पंचविशीचा होईल तेव्हा त्याला हे माहीत असलं तर ओवीताईंना वाट पाहावी लागली तशी त्याची नऊ वर्षं वाचतील.


धरमपेठचा_बाबा | ५ जून, रात्री ११:५०

'त्याची नऊ वर्षं वाचतील' हे दिवसभर डोक्यात होतं. कागद सापडले. तपासणी झाली होती, तुकडा गळालेला नाही. तरीही त्याला सांगणार. कधी, कसं, ते बायकोशी बोलून ठरवतो.


बशीतली_मी | ६ जून, रात्री १२:४०

खूप वेळ लिहू की नको करत होते. मी चोवीस वर्षांची आहे. जन्म नागपूरचा, सध्या पुण्यात नोकरी. मी आयव्हीएफची आहे.

मला आईनं सातव्या वर्षी सांगितलं. फुटाळा तलावावर कणीस खात होतो. ती म्हणाली, तू डॉक्टरांच्या एका छोट्या बशीत सुरू झालीस, मग माझ्या पोटात आलीस. मी विचारलं, बशीत थंडी वाजत होती का? आई म्हणाली, नाही, अगदी माझ्या पोटाइतकंच ऊबदार होतं तिथं. मोठी झाल्यावर वाचलं, इन्क्युबेटर खरंच ३७ अंशांवर असतो. तेव्हापासून माझ्यासाठी ती माझ्या जन्माची गोष्ट आहे, जशी इतरांना 'तू झालीस तेव्हा धो धो पाऊस होता' अशी असते.

माझा मावसभाऊही आयव्हीएफचाच. त्याला सतराव्या वर्षी एका लग्नात, कोणा दूरच्या मामाच्या तोंडून कळलं. तो आयव्हीएफमुळं दुखावला नाही. घरच्या सगळ्यांना माहीत होतं आणि फक्त त्यालाच नव्हतं, ह्याचं त्याला लागलं. सहा महिने तो वडलांशी नीट बोलला नाही.

माझी उंची पाच फूट दोन इंच, आईची पाच फूट एक. चष्मा आहे, तो बाबांकडून आला. ओवीताई, तुमच्या सासूबाईंना माझा फोटो दाखवायचा असेल तर मी खाजगीत पाठवते.


शेवंता_आजी | ६ जून, सकाळी ६:१०

बशीतली माय, तुले दृष्ट लागू नये. तुही आई हुशार हाय.


जुन्या_गोष्टी | ६ जून, सकाळी ११:००

'नळीतली लेकरं' वरून थोडं विषयांतर. नळी कधी नव्हतीच, शब्द तेवढा चिकटून बसला. आयव्हीएफची जगातली पहिली मुलगी लुईस ब्राउन २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला जन्मली, वजन २.६ किलो. ती आज पन्नाशीकडं आली आहे, तिची मुलं कोणत्याही उपचाराशिवाय झाली. तिच्यामागच्या रॉबर्ट एडवर्ड्सना २०१० साली नोबेल मिळालं.

लुईसनंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी दुर्गाला जगात आणलं, तेही गोठवलेल्या एम्ब्रियोपासून. सरकारी समितीनं त्यांचं म्हणणं खोटं ठरवलं, त्यांना काम करू दिलं नाही, परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. मुंबईत केईएमला डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून हर्षा ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मली, तिला आपण कितीतरी वर्षं देशातली पहिली म्हणत होतो. त्या कामातलेच शास्त्रज्ञ टी. सी. आनंद कुमार यांनी १९९७ साली मुखोपाध्यायांच्या वह्या वाचून जाहीरपणे सांगितलं की पहिला मान त्यांचा. स्वतःचा मान स्वतःहून दुसऱ्याला देणारा माणूस विरळा. २०१६ साली हर्षाला मुलगा झाला, तेव्हाही डॉ. हिंदुजाच होत्या.

मुखोपाध्यायांचं आठवलं की माझा गळा भरून येतो. म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.


तिळ्यांची_आई | ६ जून, रात्री ९:३०

मला जुळ्या-तिळ्यांबद्दल बोलायचं आहे, कारण आकडेमोड यांनी ते एका शब्दात सोडून दिलं.

आठ वर्षांपूर्वी माझ्यात तीन एम्ब्रियो ठेवले. कोणीही मला समजावलं नाही की तीन ठेवले आणि तिन्ही रुजले तर काय होतं. 'चान्स वाढतो' एवढंच सांगितलं. तिन्ही रुजले. २९व्या आठवड्यात झाली. एक सहाव्या दिवशी गेला. उरलेल्या दोघींपैकी एकीला अजूनही चालताना टाच टेकत नाही, रोज फिजिओथेरपी करतो. ती आयव्हीएफमुळं तशी नाही. ती अकरा आठवडे लवकर आल्यामुळं तशी आहे, आणि ती लवकर आली कारण पोटात तिघं होते.

आता आयव्हीएफसाठी कायदा आहे, २०२१चा. क्लिनिकची नोंदणी लागते, वयाची मर्यादा आहे, बाईला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न. पण एम्ब्रियो ठेवायच्या टेबलावर आडवी पडल्यावर कायदा आठवत नाही. आधीच विचारा, 'एकच ठेवाल का? का नाही?' एक रुजला नाही तर बाकीचे गोठवलेले असतात, पुन्हा येता येतं. मला हे कोणीतरी आठ वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.


मिलिंद_प्रतापनगर | ६ जून, रात्री १०:०५

ताई, काय बोलू. माझ्या बहिणीलाही दर वेळी तीनच.


सुमन_सिस्टर | ६ जून, रात्री १०:४०

तुमच्या गेलेल्या बाळालाही माझा नमस्कार, ताई. अशी सहा दिवसांची बाळं मी हातात धरली आहेत. नावं अजून आठवतात.

लेकीची टाच टेकत नाही म्हणता, बूट-स्प्लिंट चालू आहे ना? उंची वाढायच्या दिवसांत स्नायू मागं पडतात, दर सहा महिन्यांनी स्प्लिंट बदलून घ्या.


तिळ्यांची_आई | ६ जून, रात्री १०:५५

हो सिस्टर, मार्चमध्येच बदलला. विचारलंत, बरं वाटलं.


निनावी_७१ | ७ जून, दुपारी १२:२०

माझं स्त्रीबीज दुसरीचं होतं. मुलगा तीन वर्षांचा आहे. मला रोज वाटतं, कोणीतरी म्हणेल तुझ्यासारखा दिसत नाही. कायद्यानं तो माझा आहे का?


आकडेमोड | ७ जून, दुपारी १:०५

हो. २०२१च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, असं मूल त्या जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं जातं, आणि दात्रीचा मुलावर कोणताही हक्क राहत नाही. तीही २३ ते ३५ वयाचीच असावी लागते आणि आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते.


शेवंता_आजी | ७ जून, दुपारी १:३०

अन् दिसण्याचं म्हणशीन तर लेकरू ज्याच्या मांडीवर वाढते त्याच्यासारखंच हसते. आमच्या गल्लीत सगळ्यायनं पाह्यलं हाय.


गोकुळपेठ_भाजीवाली_सून | ८ जून, सकाळी १०:१५

ओवीताई, खायला काय देता? माझी जाव उन्हाळाभर दुधावरच ठेवत होती लेकराला, म्हणे ऊन फार आहे. शेवटी हिमोग्लोबिन साडेसातवर आलं.


डॉ_वर्धारोड | ८ जून, दुपारी ३:००

अगदी बरोबर मुद्दा. वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पोटाची जागा खातं आणि लोह कमी पडतं. लवकर जन्मलेल्या बाळाकडं मुळातच लोहाचा साठा कमी असतो, कारण तो शेवटच्या दोन-तीन महिन्यांत भरतो. लोहाचे थेंब कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. घट्ट वरण-भात वर चमचाभर तूप, कुस्करलेली भाजी, अंडं, मऊ खिचडी, सगळं घरचंच, फक्त मिठात थोडं कमी. शेंगदाणे अख्खे देऊ नका, कूट करून. बोरं-संत्र्याच्या बिया काढून.


रस्सा_पाटोडी | ८ जून, दुपारी ३:२०

आणि तर्री पोहे कितव्या महिन्यापासून डॉक्टर?


डॉ_वर्धारोड | ८ जून, दुपारी ३:२६

पोहे आजपासून. तर्री तुम्हालाच.


ओवी_मानेवाडा | १४ जून, रात्री १०:३०

दोन दिवस दवाखान्यात जात होते, म्हणून गप्प होते. नेहमीचे डॉक्टर परत आले. मी ह्यांना न विचारता, नाही, ह्यांना बरोबर घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. आयव्हीएफ, गोठवलेला एम्ब्रियो, दोन ठेवले होते, माझं बीपी. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हे आधी माहीत असतं तर कानांची चिठ्ठी मी तेव्हाच दिली असती. बेरा झाली. दोघांचेही कान नीट आहेत.

लाकडी पाटीवर दोघांनी धरून मोजलं. ७१.१ भरली. साडेबारा-तेराच्या मध्ये ठिपका पाडला. हे बाहेर आल्यावर गाडीपाशी बराच वेळ उभे राहिले, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आईला मी सांगतो.


बशीतली_मी | १४ जून, रात्री ११:०२

सांगितलं का त्यांनी?


ओवी_मानेवाडा | १५ जून, सकाळी ८:००

सांगितलं. तुझा फोटोही दाखवला. त्या बराच वेळ पाहत होत्या, मग विचारलं, हिचं लग्न ठरलं का?


बशीतली_मी | १५ जून, सकाळी ८:०९

माझी आजीपण हेच विचारते. नाही म्हणावं, अजून नाही.


ओवी_मानेवाडा | २४ ऑगस्ट, रात्री ९:४५

धागा वर काढते, बऱ्याच जणांनी खाजगीत विचारलं होतं म्हणून.

काल तान्हा पोळा झाला, लेकरांचा लाकडी बैलांचा पोळा. सासूबाईंनी नागपूरच्या महाल भागातून दोन लाकडी बैल आणले होते, एक मोठा, एक छोटा. लेक जुलैच्या शेवटी चालायला लागली, म्हणजे सुधारित वयानं साडेचौदाव्या महिन्यात. काल भावाच्या हातातून मोठ्या बैलाची दोरी ओढून घेतली आणि फाटकापर्यंत एकटी ओढत नेला. तीनदा पडली. भाऊ छोटा बैल घेऊन रडत बसला.

सकाळी गल्लीतली पोरं मारबतीच्या पुतळ्यामागं 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत होती, तेव्हा सासूबाई तिला कडेवर घेऊन फाटकात उभ्या होत्या. शेजारच्या काकूंनी विचारलं, लहान दिसते हो भावापेक्षा? तर म्हणाल्या, "सहा आठवडे आधी आली व ते. वजा कराव लागते."

उंची ७३.९, वजन ८.४. लोहाचे थेंब चालू आहेत. पुढची मोजणी ऑक्टोबरमध्ये. सिस्टर, दोन वर्षांनंतर वजाबाकी बंद करायची ती जन्मतारखेच्या दोन वर्षांना की सुधारित दोनला?


सुमन_सिस्टर | २४ ऑगस्ट, रात्री १०:२०

सुधारित दोनला. तोवर फाइलवरची लाल शाई पुसू नका. आणि दुसरा मोठा बैल घ्या, नाहीतर रोज भांडण.